सौरवादळाच्या बातमीत चुंबकीय क्षेत्राची दिशाही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सूर्यावर मोठा उद्रेक झाला की 'सौरवादळ पृथ्वीवर धडकणार' असा मथळा हमखास येतो. बातमीत सूर्यातून सुटलेल्या विद्युतभारित कणांच्या लोंढ्याचा वेग असतो, तो कधी पोचणार हे असते, मोबाइल आणि उपग्रह बंद पडतील का याची काळजी असते. एक आकडा मात्र सहसा नसतो, आणि निर्णायक तोच आहे: त्या लोंढ्यासोबत आलेले चुंबकीय क्षेत्र कोणत्या दिशेला आहे? ते उत्तरेकडे असेल तर वेगवान लोंढाही फारसा उपद्रव न करता निघून जातो. दक्षिणेकडे असेल आणि काही तास तसेच टिकले, तर पृथ्वीच्या क्षेत्ररेषांशी त्याची जोडणी होते आणि ऊर्जा आत शिरते. ही दिशा कशी ओळखायची, त्यामागची रचना कशी शोधायची आणि हे काम नाशिकमधल्या महाविद्यालयांतही नीट कसे होऊ शकते, यासाठी हे पत्र.

शांत सौरवाऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर, घनता घनसेंटिमीटरला पाचेक प्रोटॉन आणि चुंबकीय क्षेत्र ५ नॅनोटेस्लाच्या आसपास असते. नाशिकच्या जमिनीवर पृथ्वीचे क्षेत्र ४० हजार नॅनोटेस्लाच्या वर भरते. तरीही हे ५-१० नॅनोटेस्ला महत्त्वाचे ठरतात, कारण वेग आणि दक्षिणेकडचे क्षेत्र यांचा गुणाकार म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर पडणारे विद्युत क्षेत्र. सेकंदाला ५०० किलोमीटर वेग आणि दक्षिणेकडे १० नॅनोटेस्ला असतील तर ते मीटरला ५ मिलिव्होल्ट होते. इतके क्षेत्र तीन तास टिकले की तीव्र भूचुंबकीय वादळ होते, असा निकष १९८७ पासून वापरात आहे. १० मे २०२४ च्या वादळात दक्षिणेकडचा घटक याच्या कितीतरी पट झाला, जमिनीवरच्या क्षेत्रातली घट दाखवणारा डीएसटी निर्देशांक उणे ४०० नॅनोटेस्लाच्या खाली गेला आणि लडाखमध्ये हान्ले येथील कॅमेऱ्यांनी लाल अरोरा टिपला. उलट फेब्रुवारी २०२२ मधले वादळ किरकोळच होते, पण त्याने वरचे वातावरण फुगले आणि नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे सुमारे ३८ उपग्रह वाया गेले. तेव्हा नुसते 'मोठे वादळ', 'छोटे वादळ' म्हणून भागत नाही.

आता रचनेकडे. सूर्यापासून सुटलेल्या लोंढ्याच्या पोटात बहुधा क्षेत्ररेषांचा सुंभाच्या दोरीसारखा पीळ असतो. त्याला फ्लक्स रोप म्हणतात. मोठा रोप यानावरून जायला साधारण एक दिवस लागतो, आणि त्या वेळात क्षेत्राची दिशा संथपणे वळत जाते: आधी उत्तर मग दक्षिण, किंवा आधी दक्षिण मग उत्तर. पीळ कुठल्या हाताचा आहे आणि अक्ष कसा कललेला आहे हे पहिल्या काही तासांत कळले, तर उरलेल्या तासांत दक्षिणेकडचे क्षेत्र येणार की नाही याचा अंदाज बांधता येतो. या विषयाचा व्यवहारातला उपयोग इथे आहे. रोपखेरीज सौरवाऱ्यात करंट शीट असतात, म्हणजे विजेच्या प्रवाहाचे पातळ पडदे, ज्यांच्या दोन्ही बाजूंना क्षेत्राची दिशा वेगळी असते. अल्फवेन लाटा असतात, म्हणजे क्षेत्ररेषांवरून ताणलेल्या तारेसारख्या धावणाऱ्या लाटा, आणि क्षेत्र अचानक घसरणारी चुंबकीय विवरे असतात. या सगळ्यांचा पुरावा एकच: वेळेनुसार बदलणारे तीन आकडे, क्षेत्राचे एक्स, वाय आणि झेड घटक.

हे आकडे फुकट मिळतात. नासाच्या विंड यानाची नोंद १९९४ पासूनची, एस (ACE) या यानाची १९९७ पासूनची. आपले आदित्य-एल१ यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या प्रभामंडल कक्षेत पोचले. त्यावरच्या मॅग्नेटोमीटरची मोजमापे इस्रोच्या 'प्रदान' संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवता येतात. सेकंदाला एक नोंद धरली तर दिवसाच्या ८६,४०० ओळी होतात आणि साध्या लॅपटॉपवर पायथनमध्ये त्या काही सेकंदांत वाचून होतात. प्रयोगशाळेत महागडे उपकरण नाही ही सबब इथे चालत नाही.

अडचण दुसरीच आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालांत हल्ली तयार प्रोग्राम चालवून काढलेली रंगीत वेव्हलेट चित्रे (कोणत्या वेळी कोणत्या वारंवारतेची चढउतार किती, हे दाखवणारी) दिसतात आणि खाली लिहिलेले असते, 'फ्लक्स रोप आढळला'. तो कोणत्या कसोटीवर टिकला आणि दुसरे काही नाही हे कशावरून ठरवले, याची ओळ नसते. मुलांचा दोष नाही. त्यांना पायऱ्या आणि खाचखळगे कुणी सांगायला हवेत.

पहिला खळगा भरीच्या आकड्यांचा. मोजमाप नसेल त्या जागी फाइलमध्ये ठरावीक खोटा आकडा घातलेला असतो. ओम्नी या एकत्रित नोंदीच्या एका मिनिटाच्या फाइलींत क्षेत्रासाठी ९९९९.९९ असतो, आणि मूळ सीडीएफ फाइलींत बहुधा उणे एकावर ३१ शून्ये. तो काढला नाही तर सरासरीचा विचका होतो, पण हे लगेच लक्षात येते. लक्षात न येणारी चूक म्हणजे रिकामी जागा सरळ रेषेने जोडणे. समजा नोंद थांबली तेव्हा क्षेत्र एक्स दिशेला ५ नॅनोटेस्ला होते आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू झाली तेव्हा झेड दिशेला ५. सरळ जोडणीत मधल्या बिंदूवर दोन्ही घटक २.५ येतात, म्हणजे क्षेत्राचे एकूण परिमाण ३.५. दिशा ९० अंशांत अगदी गुळगुळीत वळलेली दिसते, मध्यभागी परिमाण तीस टक्क्यांनी घसरलेले दिसते, आणि निसर्गात घडलेच नाही असे चुंबकीय विवर किंवा करंट शीट तयार होते. खऱ्या रोपमध्ये परिमाण बहुधा मध्याकडे वाढते, हे इथे आठवावे. रचनेच्या अपेक्षित कालावधीच्या दहाव्या भागापेक्षा मोठी रिकामी जागा असेल तर तो तुकडा सोडून द्यावा, असा आमचा सल्ला आहे.

दुसरा खळगा यानाच्याच चुंबकत्वाचा. महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. मुंबईत ट्रॅम विजेवर धावणार म्हटल्यावर कुलाब्याची चुंबकीय नोंद बिघडणार होती, म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला नेली गेली. त्याच कुलाब्याच्या नोंदीत सप्टेंबर १८५९ च्या महावादळात क्षैतिज क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने कोसळल्याचे जपलेले आहे, आणि जगभरचे अभ्यासक आजही ती नोंद काढून पाहतात. यानावर जागा बदलता येत नाही म्हणून लांब दांडी लावतात. आदित्यच्या ६ मीटरच्या दांडीवर दोन सेन्सर आहेत, एक टोकाला आणि एक मध्यावर ३ मीटरवर. यानाचे स्वतःचे क्षेत्र एकाच द्विध्रुवाचे मानले तर ते अंतराच्या घनाने कमी होते, म्हणजे मधल्या सेन्सरला जितके जाणवते त्याच्या एक अष्टमांश टोकाला. त्यावरून बाहेरचे खरे क्षेत्र काढण्याचे सूत्र सोपे आहे: टोकाचे मोजमाप गुणिले ८, त्यातून मधले वजा, आणि उत्तराला ७ ने भाग. मात्र क्षेत्राचा उगम यानाच्या आत एक मीटर खोल असेल तर अंतरे ४ आणि ७ मीटर होतात, प्रमाण एक अष्टमांशाऐवजी सुमारे ०.१९ होते आणि सूत्र बदलते. दोन उगम असतील तर ते पुरतेच अपुरे पडते. सार्वजनिक फाइलींत ही दुरुस्ती केलेली असते, पण ती का आणि कशी केली जाते हे माहीत नसलेला विद्यार्थी अर्ध्या नॅनोटेस्लाच्या उडीवर सिद्धांत उभारून बसतो.

शून्याची सरकही, म्हणजे क्षेत्र नसतानाही उपकरण दाखवते तो आकडा, तपासावी. फिरत्या यानात, उदाहरणार्थ तीन सेकंदांत एक फेरी घेणाऱ्या विंडमध्ये, फिरण्याच्या प्रतलातल्या दोन घटकांची सरक आपोआप उघडी पडते, कारण ती फेरीच्या वारंवारतेवर दिसते. त्यामुळे विंडच्या बारीक नोंदीत तीन सेकंदांवर शिखर दिसले तर ती लाट समजू नये. आदित्य सूर्याकडे तोंड करून स्थिर असते, तिथे ही सोय नाही. मग अल्फवेन लाटांचा आधार घेतात: त्यांत दिशा बदलते पण परिमाण जवळजवळ स्थिर राहते, म्हणून परिमाणाची चढउतार कमीत कमी होईल अशी सरक शोधतात.

आता मुख्य हत्यार, किमान विचरण पद्धत. १९६७ मध्ये सोनेरूप आणि काहिल यांनी ती वापरात आणली. निवडलेल्या कालखंडातल्या तीन घटकांची ३ गुणिले ३ ची सहविचरण मॅट्रिक्स करायची आणि तिच्या तीन आयगेनव्हॅल्यू, म्हणजे परस्परांना लंब तीन दिशांतल्या चढउताराची मापे, काढायच्या. करंट शीट असेल तर सर्वांत लहान व्हॅल्यूची दिशा म्हणजे पडद्याला लंब. फ्लक्स रोप असेल तर मधल्या व्हॅल्यूची दिशा म्हणजे रोपचा अक्ष, आणि त्यासाठी आधी प्रत्येक नोंदीला तिच्या परिमाणाने भागून एकक सदिश करून घ्यावे. पायथनच्या नम्पाय या गणिती संचात हे चार ओळींचे काम आहे. उत्तर नेहमी येते, आणि धोका इथेच आहे, कारण रचना नसली तरी मॅट्रिक्स काही ना काही दिशा देतेच.

म्हणून मधल्या आणि लहान व्हॅल्यूचे गुणोत्तर पाहिल्याशिवाय दिशा लिहू नये. ६१ नोंदींचा तुकडा घ्या. गुणोत्तर १२ असेल तर लंबाच्या दिशेतली सांख्यिकीय चूक साधारण २ अंश येते. गुणोत्तर १.३ असेल तर तीच चूक २८ अंशांवर जाते, म्हणजे दिशा सापडलेलीच नाही. ही चूक काढण्याचे सूत्र असे: लहान व्हॅल्यूला नोंदींच्या संख्येतून एक वजा करून त्या आकड्याने भागा, त्याला मधल्या व्हॅल्यूने गुणा, दोन व्हॅल्यूंमधील फरकाच्या वर्गाने भागा आणि वर्गमूळ घ्या. उत्तर रेडियनमध्ये येते. इथे एक पळवाट हमखास वापरली जाते: मिनिटाच्या नोंदी सेकंदाच्या करून संख्या साठपट वाढवली की चूक कागदावर कमी दिसते. त्या नोंदी स्वतंत्र नसतात, सबब तो हिशेब खोटा. शीटसाठी गुणोत्तर १० च्या आसपास किंवा वर, रोपसाठी निदान २ ते ४ असावे. त्याखाली निकाल 'अनिश्चित' असा लिहावा.

मग कालखंड दोन्ही टोकांनी दहा-दहा टक्के कापून गणित पुन्हा करावे, आणखी कापून पुन्हा. दिशा १०-१५ अंशांच्या आत राहिली तर विश्वास ठेवावा, भरकटली तर सीमा चुकल्या आहेत. आणि गुणोत्तर उत्तम असूनही फसगत होते हे युरोपच्या क्लस्टर मोहिमेतल्या चार यानांनी दाखवले. यानांवर शीट पोचण्याच्या वेळांतील फरकावरून काढलेला लंब आणि एका यानाच्या विचरणावरून काढलेला लंब २००४ च्या अभ्यासात ताडून पाहिले, तेव्हा शीटला छेदून जाते असे वाटलेले क्षेत्र पुष्कळ ठिकाणी मुळात नव्हतेच. एकाच यानाच्या नोंदीवर काम करताना शीटच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या सरासरी क्षेत्रांचा सदिश गुणाकार घेऊन लंब पडताळावा. तो बहुधा अधिक भरवशाचा निघतो. रोपच्या बाबतीत यान अक्षापासून किती दूरून गेले हेही पाहावे. कडेजवळून गेले असेल तर अक्ष वीसेक अंशांनी चुकू शकतो.

दिशा मिळाली म्हणजे रोप मिळाला असे नाही. प्लाझ्माची घनता, तापमान आणि वेग पाहावेच लागतात. वायूचा दाब भागिले चुंबकीय दाब म्हणजे बीटा. घनता ५, तापमान १ लाख केल्व्हिन आणि क्षेत्र ५ नॅनोटेस्ला असताना प्रोटॉनचा बीटा ०.७ च्या जवळपास येतो. लोंढ्याच्या पोटात क्षेत्र १५ आणि तापमान ३० हजार झाले तर तोच ०.०२ होतो. वाढलेले क्षेत्र, संथ वळण आणि घसरलेले तापमान ही तीन लक्षणे एकत्र दिसली तरच चुंबकीय ढग म्हणावे, ही व्याख्या १९८१ पासूनची आहे. एकावर भागवू नये.

छोट्या रोपांचे, म्हणजे मिनिटांपासून तासाभरात जाणाऱ्यांचे, प्रकरण अधिक अवघड आहे, कारण अल्फवेन लाटाही तसेच संथ वळण दाखवतात. त्यासाठी वेगातले बदल आणि क्षेत्रातले बदल शेजारी मांडावेत. अल्फवेन लाटेचा वेग सेकंदाला किलोमीटरमध्ये हवा असेल तर क्षेत्राचे नॅनोटेस्ला गुणिले २१.८ भागिले घनतेचे वर्गमूळ. शांत वाऱ्यात सुमारे ४९ येतो. क्षेत्राचे बदल या हिशेबाने वेगात बदलून घेतले आणि ते खऱ्या वेगबदलांशी एकास एक जुळले, तर ती लाट आहे. न जुळले तर रोपची बाजू बळावते. वेव्हलेटने काढलेली चुंबकीय हेलिसिटी, म्हणजे पिळाचे माप, उणे १ ते अधिक १ मध्ये असते आणि रोपमध्ये टोकाकडे जाते, पण सेकंदाच्या आसपासच्या आयन सायक्लोट्रॉन लाटांतही ती जातेच, आणि नोंदीच्या दोन्ही कडांजवळचा भाग विश्वासार्ह नसतो. रंगीत चित्राखाली ही दोन वाक्ये असायलाच हवीत.

करंट शीट मोठ्या संख्येने शोधायच्या तर पीव्हीआय ही साधी मोजणी पुरते: ठरावीक वेळाच्या अंतराने क्षेत्रातला फरक, भागिले त्या फरकाचे लांब पल्ल्याचे वर्गमध्यमूळ. ३ च्या वर गेले तर तिथे काहीतरी आहे असे धरतात. सरासरीची खिडकी निदान काही तासांची ठेवावी आणि तिच्यात शॉक, म्हणजे वेग, घनता आणि क्षेत्र यांची एकदम उडी, येऊ देऊ नये, नाहीतर भाजक फुगतो आणि आसपासच्या खऱ्या शीट बुडतात. उपकरणाने मोजण्याची श्रेणी बदलली त्या क्षणी येणारी उडी पीव्हीआयमध्ये सर्वांत उंच दिसते, तेव्हा सर्वांत उंच शिखरे डोळ्यांनी तपासावीत.

चार याने असतील तर प्रवाह थेट मोजता येतो. २०१५ मध्ये सोडलेल्या नासाच्या एमएमएस मोहिमेची चार याने कधी कधी दहा किलोमीटरइतकी जवळ असतात. १० किलोमीटरवर १ नॅनोटेस्लाचा फरक म्हणजे चौरस मीटरला सुमारे ८० नॅनोअँपिअर. सरक ०.१ नॅनोटेस्ला चुकली तर त्यातले ८ खोटे असतात. क्षेत्राचे डायव्हर्जन्स (एका बिंदूतून बाहेर फाकणे) शून्य यायला हवे, म्हणून ते कर्लच्या (ज्यावरून प्रवाह काढतात त्या भोवऱ्याच्या मापाच्या) तुलनेत किती येते हे सोबत छापतात, आणि ते मोठे असेल तर प्रवाहाचा आकडा सोडून देतात.

आमची महाविद्यालयांना विनंती आहे की एम.एस्सी.च्या संशोधन प्रकल्पांत हा विषय घ्यावा आणि १० ते १२ मे २०२४ या काळापासून सुरुवात करावी. शॉक इतका ठळक आहे की नवख्यालाही सापडतो. नोंदी युनिव्हर्सल टाइममध्ये असतात, त्यात साडेपाच तास मिळवावेत. तो शॉक पृथ्वीवर युनिव्हर्सल टाइमने संध्याकाळी पाचनंतर पोचला, तेव्हा नाशिकमध्ये रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. झेड घटक जीएसएम या पृथ्वीच्या चुंबकीय अक्षाला जोडलेल्या चौकटीतला घ्यावा. पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाला जोडलेल्या जीएसई चौकटीतला घेतला तर दक्षिणेचा हिशेब ऋतू आणि वेळेनुसार चुकतो. अहवालात सापडलेल्या रचनांइतकीच नाकारलेल्या रचनांची यादी द्यावी, प्रत्येकीपुढे नाकारण्याचे कारण, गुणोत्तर आणि बीटा लिहून.

आणि आपल्याला विनंती अशी. यानापासून पृथ्वीपर्यंत सौरवारा ४०० च्या वेगाने तासाभरात आणि ८०० च्या वेगाने अर्ध्या तासात पोचतो, त्यामुळे छापील वृत्तपत्राला आधी इशारा देणे जमणार नाही. पण दुसऱ्या दिवशीच्या अंकात चौकटीत चार आकडे सहज देता येतील: शॉक भारतीय वेळेनुसार किती वाजता पोचला, दक्षिणेकडचा घटक जास्तीत जास्त किती झाला, तो १० नॅनोटेस्लाच्या वर किती तास टिकला, आणि क्योटो विद्यापीठाचा डीएसटी किती खाली गेला. क्षेत्र उत्तरेकडेच राहिले आणि काही झाले नाही, तर तेही त्याच चौकटीत द्यावे. आकडे काढून देण्याचे काम आम्ही आनंदाने करू.

आपले,
भौतिकशास्त्राचे काही अध्यापक, नाशिक